रानचौकडीची एकुलती एक कॅसेट

खालांच्या अंगणातल्या हौदावर झाकण म्हणून जे प्लायवूड टाकलं आहे, ते मी यंदा पहिल्यांदा नीट पाहिलं. तसं गेली कित्येक वर्षं पाहतेच आहे. मेहकरला आले की आमच्या घरी बॅग टाकायची आणि मधलं फाटक लोटून शेजारी खालांकडे जायचं, हा माझा ठरलेला क्रम. पण हौदाच्या झाकणाकडे कोण बघतं? या खेपेला खालांनी पाणी काढायला ते उलटं केलं आणि खालच्या अंगाला, शेवाळाच्या हिरव्या कडेआड, एक पिवळी चोच दिसली. चोचीच्या वर डोळा. डोळ्यापर्यंत ओढलेला लाल पदर.

"खाला, ही आपली साळुंकी!" मी ओरडलेच.

"मंग? कोनाची राहीन?" खाला बादली भरता भरता म्हणाल्या. "रफीक म्हने, अम्मी, फेक दे. फेकू कशी मी तिले? पानी झाकून ठेवते बिचारी. एक काडी पडू देत नाही."

मी ते प्लायवूड भिंतीला टेकवलं आणि समोरच्या पायरीवर बसले. ऑइलपेंटचे पोपडे निघालेत. एक पंख वाळवीनं खाल्ला आहे. पोटाशी अजून ते भोक आहे, ज्यातून वायपरच्या मोटरची सळई जायची आणि साळुंकी मान डोलवायची. ओल्या लाकडाचा कुबट वास येत होता, आणि त्याच्या मागून मला दुसरेच वास यायला लागले. पिंजलेल्या कापसाचा. तापलेल्या टेपरेकॉर्डरचा. उतू गेलेल्या दुधाचा. नाकाला काही काळवेळ कळत नाही, हेच खरं.

आले होते सईच्या लग्नासाठी. सई माझ्या दादाची मुलगी, एकुलती. आदल्याच दिवशी साड्यांच्या ढिगात बसून घड्या घालता घालता तिनं मला विचारलं होतं, "आत्या, आईचा आवाज कसा होता गं? फोटो आहेत, साड्या आहेत, तिच्या हातचं विणकाम आहे. आवाजच कुठं नाही. बाबांना विचारलं की ते दुकानात काहीतरी राहिलं म्हणून उठून जातात. लग्न करून जायच्या आधी एकदा कळायला हवं होतं मला."

सांगते की, म्हणून मी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. वहिनीच्या बांगड्यांचा आवाज मला आठवतो. ती पाटा धुवायची तो आवाज आठवतो. मागच्या दारानं येताना तिची डावी चप्पल जराशी घासायची, तेसुद्धा आठवतं. पण ती बोलायची कशी, गायची कशी, ते गेलं. कधी गेलं ते कळलंही नाही. इतकी वर्षं मी समजत होते की ते माझ्यापाशी ठेवलेलं आहे, आणि बघायला गेले तर जागा रिकामी. त्या दुपारी मला वहिनी दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं, आणि हे सईला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

वहिनीचा आवाज कुठं होता म्हणाल, तर या साळुंकीच्या पोटात.

तेव्हा दादा अकोल्याला शिकून नुकताच परत आला होता आणि त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. स्वतःला तो मोठा कलावंत समजायचा. केस मानेवर वाढवलेले. बाबा रोज सकाळी त्या केसांकडे बघून किराण्याच्या गल्ल्यातली कात्री शोधायचे. अकोल्याच्या वसतिगृहातून येताना दादानं एक कॅसेट आणली होती. परदेशातल्या कुठल्याशा बँडची पहिलीच कॅसेट. त्या बँडमध्ये माणसं नव्हतीच, चित्रं होती. कार्टून! वाजवणारे खरे लोक पडद्यामागं, आणि नाव, चेहरा, मुलाखत सगळं चित्रांचं. गाणीही अशी की कशात बसवायची कळेना. मधेच ढोल, मधेच बाजाच्या पेटीसारखं काहीतरी, मधेच कुणी झोपेतून उठून तक्रार करत असल्यासारखं गातंय. आम्हाला शब्द कळत नव्हता एकही. दादा डोळे मिटून ऐकायचा.

"हे गानं हाय का कोनी बिमार हाय?" बाबांनी दारातून विचारलं होतं.

वहिनी तेव्हा माजघरात तांदूळ निवडत होती. बाबा गेल्यावर हळूच म्हणाली, "यायनं बरं केलं पन. गानं तं म्हना लागते, तोंड दाखवा लागत नाही."

हसण्यावारी गेलं ते. पण दादाचं हसणं मधेच थांबलेलं मला आठवतं. वहिनी माहेरी भुलाबाईच्या गाण्यांना पुढं असायची, लग्नघरी तिला बोलावून न्यायचे. आमच्या घरात मात्र सुनेचा आवाज उंबऱ्याबाहेर जाऊ नये अशी बाबांची समजूत होती. ते ओरडायचे नाहीत. फक्त खाकरायचे. तेवढ्यावर वहिनी गप्प व्हायची आणि फोडणीचा आवाज मोठा व्हायचा.

त्या वर्षी आमच्या चौकातल्या गणपती मंडळाला देखावा काही सुचत नव्हता. गुहा झाली होती, रॉकेट झालं होतं, पाण्यात तरंगणारा नारळ तर प्रत्येक चौकात. दादा आणि रफीक पारावर बसून डोकं खाजवायचे. रफीक म्हणजे खालांचा मुलगा, दादाच्या बरोबरीचा. त्यांचा पिढीजात धंदा पिंजाऱ्याचा, गाद्या-रजयांचा. रफीक बेंजो वाजवायचा, आरतीलाही त्याचाच बेंजो, आणि दुकानांच्या पाट्या रंगवण्यातही त्याचा हात बरा होता. दादानं त्याला ती परदेशी कॅसेट ऐकवली, वहिनीचं बोलणं सांगितलं, आणि दोघं एकदम उठले.

मग चार चित्रं निघाली. रोही, म्हणजे आमच्या रानातली नीलगाय, शेताचं वाटोळं करणारी; तिच्या खुरात बेंजो. मुंगसापुढं ढोलकी. घुबड डोळे वटारून कॅसिओवर. आणि मधोमध माइकसमोर साळुंकी, डोक्यावर पदर घेतलेली. रफीकनं पदर मुद्दाम डोळ्यांपर्यंत ओढला होता. खाली पाटी: रानचौकडी बँड पार्टी, मेहकर.

आता गाणी हवी होती. गाणी कुठं करायची, हा प्रश्न खालांनी सोडवला. त्यांच्या घरामागं कापसाची खोली होती. छतापर्यंत रजया रचलेल्या, जमिनीवर गुडघाभर पिंजलेला कापूस. त्या खोलीत बोललं की आवाज भिंतीपर्यंत पोचायचाच नाही, तिथल्या तिथं मऊ होऊन बसायचा. बाबांनी जेवून पाठ टेकली की वहिनी एक जुनी रजई बगलेत घ्यायची, आईला सांगायची, "खालाकडे टाके घालून येतो," आणि मधलं फाटक लोटून जायची. ती रजई त्या महिन्यात इतक्या वेळा शिवली गेली की कापडापेक्षा टाकेच जास्त झाले. आईला हे कळत होतं. आई बाबांच्या अंगावर चादर सारखी करायची आणि पंखा वाढवायची.

काय काय वाजलं त्या खोलीत! रफीकचा बेंजो, दादाचा उसना कॅसिओ, खालांची कव्वालीतली टाळी. वहिनीच्या भुलाबाईच्या चाली, त्यात मधेच वरातीतल्या बँडचा ठेका, मधेच गोंधळाचं संबळ. आणि धुनकी. कापूस पिंजायच्या धुनकीची तात छेडली की पोटातून येणारा खोल आवाज निघतो, टंव, टंव. रफीकच्या अब्बांनी तो गाण्याखाली ठेवायला शिकवला. ते म्हातारे गृहस्थ कधी हसले नाहीत, पण धुनकी वाजवताना त्यांचा अंगठा ताल धरायचा. कोरसला मी आणि खाला. आम्हा दोघींचे सूर कधी जुळले नाहीत. खाला म्हणायच्या, मी चढते म्हणून, आणि मी म्हणायचे, त्या उतरतात म्हणून. कापसाचे तंतू नाकात जाऊन शिंका यायच्या. शिंकसुद्धा ठेक्यात द्यायची, असा रफीकचा हुकूम होता.

टेपरेकॉर्डर एक, माइक एक. चुकलं की पहिल्यापासून. त्यात भारनियमन, लाइट दुपारी जेमतेम राहायचा. गणपती दारात येऊन ठेपले तेव्हा शेवटचं गाणं उरलं होतं, हळदीचं. वहिनीनं स्वतः बांधलेलं.

*पैनगंगेच्या पाण्याले बाई हळदीचा रंग,*
*पल्याड माहेर माहं, अल्याड तुहा संग.*

खालांनी सगळ्यांसाठी चहाचं दूध चुलीवर ठेवलं होतं आणि कोरससाठी त्या आत येऊन बसल्या होत्या. दादा दारात उभा, कुणी येतं का बघत. वहिनी दाराकडं तोंड करून गात होती. तिला समोर पडवीतली चूल दिसत होती. दुसरं कडवं रंगात आलेलं, रफीकचे डोळे मिटलेले, लाइट जायची वेळ झालेली, आणि दूध वर यायला लागलं. गाणं थांबवलं तर सगळं पाण्यात. वहिनी थांबली नाही. त्याच सुरात, त्याच ठेक्यात ती म्हणाली:

*पल्याड माहेर माहं... अहो, दूध!*

"आलो, आलो!" म्हणत दादा पळाला. आणि वहिनीनं पुढची ओळ जिथं सोडली होती तिथूनच उचलली, *अल्याड तुहा संग.*

गाणं संपलं, बटण वर आलं आणि लाइट गेला. आम्ही कापसात लोळून हसलो. वहिनीच्या केसांत, पापण्यांवर कापूस. दादा करपलेल्या दुधाचं पातेलं शर्टाच्या टोकात धरून दारात उभा, निम्मं दूध उतू गेलेलं. रफीक म्हणाला, "आता काय करू बे? पुन्हा घ्यायचं कसं?" खाला म्हणाल्या, "राहू दे. संसाराचं गानं हाय, संसार तं दिसन त्याच्यात." तसंच राहिलं ते.

देखावा त्या वर्षी गाजला. रोही खूर हलवायची, घुबड डोळे फिरवायचं, मुंगूस ढोलकीवर थापा मारताना मधेच अडकायचं आणि रफीक मागून त्याला लाथ घालायचा. साळुंकी मान डोलवायची. आणि भोंग्यातून वहिनीचा आवाज चौकभर, बाजारगल्लीभर, पार बसस्टँडच्या वळणापर्यंत जायचा. वहिनी खिडकीच्या आत उभी राहून ऐकायची. मी तिच्या शेजारी. "आवाज जाडा वाटते काय माहा?" ती विचारायची. बाबा रोज संध्याकाळी दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. आधी खुर्ची रस्त्याकडं तोंड करून असायची. पुढं पुढं ती मंडपाकडं वळली. "अहो, दूध!" आलं की ते खाकरायचे नाहीत, मिशीवरून हात फिरवायचे. याहून जास्त कधी कुणी काही बोललं नाही.

आणि याच दिवसांत ते बापू आले. हिवरा आश्रमाच्या पलीकडच्या एका खेड्यातले, डोक्याला पागोटं, हातात पिशवी. पिशवीत हळकुंड, सुपारी, नारळ. पाटी वाचून ते रानचौकडी बँड पार्टीला लग्नाची सुपारी द्यायला आले होते. दादानं प्लायवूड दाखवलं, मोटर दाखवली. बापू शांतपणे म्हणाले, "ते दिसून राह्यलं मले. जनावरं नको मले. मागं बसते ते लोकं पायजे. माह्या पोरीचं लगन हाय दिवाळीनंतर. ते दुधाचं गानं म्हनते ते बाई आली पायजे."

मागं बसणारी बाई खिडकीत पदर तोंडात कोंबून हसत होती. नंतर तिचं हसू ओसरलं. "जायले पायजे होतं नाही आपन?" ती मला म्हणाली, जसं काही ते शक्य होतं. दादानं बापूंना बाकी काही न सांगता कॅसेटची एक प्रत करून दिली. बापूंनी नारळ साळुंकीच्या पायाशी फोडला आणि सुपारी परत नेली नाही. वहिनीनं ती सुपारी देवघरात ठेवली होती. आयुष्यात मिळालेली तिची ती एकच बिदागी.

पुढची वर्षं कशी गेली ते मला सलग आठवत नाही. मला त्यांचे वास आठवतात. हुरड्याची राख, नव्या वहीची खळ, बाळंतिणीच्या खोलीतला शेपा-ओव्याचा धूर. सई झाली तेव्हाचा तो धूर. मग वहिनी गेली. सई नीट बोलायलाही लागली नव्हती. कशानं गेली ते इथं लिहीत नाही. लिहून काही ती कारणं शहाणी होणार नाहीत.

मंडळाच्या कॅसेटवर दुसऱ्याच वर्षी आरत्या भरल्या गेल्या होत्या. जुनी कॅसेट हाताशी असताना कोण नवीन आणतो! घरची प्रत दादाकडं होती. वहिनी गेल्यावर तो दुकान बंद करून आला की दार लावून तीच लावायचा. एकदा टेपनं रीळ खाल्लं. दादानं ते नेलपेंट लावून चिकटवलं. पुन्हा खाल्लं. पुन्हा चिकटवलं. शेवटी त्यात आवाज राहिला नाही, नुसती खरखर उरली, तरी तो लावायचा. एक दिवस ते थांबलं. टेपरेकॉर्डर भंगारात गेला आणि दादा कमी बोलणारा माणूस झाला. बाबा गेले, आई गेली. दादानं केस मात्र बाबांना आवडले असते तसे बारीक ठेवले आहेत.

तर साळुंकीसमोर बसून मला एकच सुचलं, बापूंची प्रत. मी रफीकला गाठलं. आता त्याच्या दुकानात फोमच्या गाद्या आहेत, धुनकी भिंतीवर टांगली आहे. "बापू? जिवंत असतीन का बे ते?" तो म्हणाला आणि म्हणता म्हणताच त्यानं टेम्पोची किल्ली उचलली. त्याला हिवरा आश्रमाकडं गाद्या पोचवायच्याच होत्या. दादाला आम्ही काही सांगितलं नाही. उगाच आशा कशाला लावा.

थंडी होती. तुरी वाळत आलेल्या, हरभऱ्यावर दव. वाटेत रफीक गुणगुणत होता आणि मी त्याला थांबवलं. मला त्याच्या आवाजात ते नको होतं.

बापू होते. ओसरीवर उन्हात बसलेले, कान गेलेले. त्यांची सून मंगलाबाई शेजारणींसोबत तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, मेहकरचे आलेत, कॅसेट मागतात. बापूंचा चेहरा उजळला.

"हाव, होती ना! पोरीच्या लग्नात वाजवली, मंग गावातल्या सगळ्या लग्नात वाजली. मंग टेपच बिघडला. त्या साली जवारीवर पाखरं लय. रीळ काढली अन् शेतावर तानली, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यालोक." त्यांनी हात पसरून दाखवलं. "वाऱ्यानं गुनगुन करे ते. पाखरू फिरकलं नाही बाई, दाना न् दाना घरी आला."

म्हणजे वहिनीचा आवाज ज्वारीवर ताणला गेला आणि वाऱ्यानं, पावसानं तुटून मातीत गेला. मी हसले, कारण बापू इतक्या आनंदानं सांगत होते. सईला आता काय सांगू? मी उठायला लागले.

"बसा ना, चहा ठेवला," मंगलाबाई म्हणाली. "कॅसेट कायले पायजे पन? गानं तं हाय. आमच्या गावात त्याच्याबिगर हळद लागत नाही." आणि शेंगा सोलता सोलताच तिनं सुरू केलं. शेजारणींनी धरलं. पैनगंगेच्या पाण्याले बाई. आवाज तिचा तिचा होता, जाडसर, मोकळा. मी चालीपुरतं ऐकत होते. *पल्याड माहेर माहं...*

*अहो, दूध!*

सगळ्या एकदम म्हणाल्या. *हो* जरासा वर नेऊन, *दूध* पटकन तोडून, जशी ती म्हणाली होती. पुढं लगेच, *आलो, आलो!* आणि मग *अल्याड तुहा संग.* जाग्यावर जशीच्या तशी ओळ.

तो वर गेलेला *हो* वहिनीचा होता. घाईतही लाडाचा, नवऱ्याला हाक मारताना सासऱ्याला ऐकू जाऊ नये असा. दोन शब्दांपुरती ती त्या ओसरीवर आली होती, आणि मला तिचं सगळं बोलणं आठवलं. "आवाज जाडा वाटते काय माहा?" हे तिच्याच आवाजात आठवलं.

"मधात हे दूध काय?" रफीकनं विचारलं.

"रीत हाय ते," मंगलाबाई म्हणाली. "हळदीच्या घरी चुलीवर दूध ठेवा लागते. ही ओळ आली का पोरीच्या बापानं धावत जाऊन उतरवा लागते. उतू नाही गेलं पायजे. आमच्याकडे पहिल्यापासूनच हाय."

"अहो, ते तर आमच्या..." रफीक सांगायला लागला. मी मान हलवून त्याला थांबवलं. पहिल्यापासून आहे म्हणतात, तर असू दे पहिल्यापासून. वहिनीला लग्नाला जायचं होतं. ती इतकी वर्षं एकही लग्न चुकवत नव्हती.

मी मंगलाबाईला सईच्या हळदीचं आमंत्रण दिलं. "सगळ्या या. रीतीसकट या. फक्त पोरीच्या बापाला रीत आधी सांगू नका."

हळदीच्या दिवशी त्या रफीकच्या टेम्पोतून आल्या, खालांकडच्या जुन्या कापसाच्या गाद्यांवर बसून, आणि उतरताना त्यांच्या पातळांना कापूस चिकटलेला होता. मंगलाबाईनं विचारून घेतलं आणि स्वयंपाकघरात गॅसवर दुधाचं पातेलं ठेवलं. अंगणात सई पाटावर, गालांना हळद, हात साडीला लागू नयेत म्हणून पुढं धरलेले. खाला खुर्चीवर. दादा मांडवाच्या कडेला रिकामी पोती घड्या घालत उभा. गर्दी झाली की तो असंच काहीतरी काम शोधतो.

बायकांनी गाणं धरलं. पहिल्या ओळीला दादाचे हात थांबले. त्यानं वर पाहिलं नाही. दुसरं कडवं आलं. खालांनी टाळी धरली, तीच कव्वालीतली. मी कोरसला गेले आणि नेहमीसारखी चढले.

*पल्याड माहेर माहं... अहो, दूध!*

रीतीप्रमाणं पुढचं बायकांनी म्हणायचं असतं. त्यांनी त्यासाठी तोंडंही उघडली होती.

"आलो, आलो!"

दादाचा आवाज. इतका मोठा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. पोती टाकून, एक पायताण मांडवातच सोडून, बायकांच्या मधून तो आत पळाला. बायका बघतच राहिल्या. उघड्या दारातून तो दिसत होता. गॅस बंद करून, शर्टाच्या टोकात पातेलं धरून उभा. दूध काठाला येऊन थांबलं होतं. थेंब सांडला नव्हता.

"यायले कोनं सांगतली आमची रीत?" मंगलाबाईनं मला विचारलं. रफीक भिंतीकडं तोंड करून बेंजोच्या तारा उगाच पिळत होता.

सई माझ्याकडं बघत होती. हळद ओली असल्यामुळं तिला डोळेही पुसता येत नव्हते.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "असा होता?"

"हो. अगदी असाच."

ती बायकांकडं वळून म्हणाली, "मावशी, पुन्हा एकदा म्हणाल?"

"पुन्हा? रीत तं एकदाच राह्यते," मंगलाबाई म्हणत होती, तेवढ्यात आतून गॅसच्या लायटरचा आवाज आला. दादानं दूध परत आचेवर ठेवलं होतं.